पाच हजारांत मुलांची कोणती पुस्तकं घ्यायची

शाळेकडे किंवा गावच्या वाचनालयाकडे मुलांच्या पुस्तकांसाठी चार-पाच हजार रुपये आले, की बहुतेक गावांत एकच होतं. विक्रेता संच घेऊन येतो. पन्नास पुस्तकं, साठ टक्के सवलत, एकच बिल. कपाट एका दिवसात भरतं. पुढच्या जूनमध्ये बघावं तर त्यातली निम्मी-अधिक पुस्तकं कोरी करकरीत असतात, आणि ‘हल्लीची पोरं वाचतच नाहीत’ हा शेरा पोरांच्या माथी बसतो. पोरं वाचतात. त्यांना वाचता येईल आणि वाचावंसं वाटेल असं पुस्तक त्या पन्नासांत नव्हतं, एवढंच.

म्हणून संच नको. पुस्तकं सुटी घ्या, एकेक हातात धरून, उघडून. आणि इयत्ता बघून घेऊ नका. तुमच्या शाळेतली मुलं आज किती वाचतात ते बघून घ्या.

संचातल्या गोष्टी वाईट नसतात. पंचतंत्र, बिरबल, तेनालीराम मुलांना आवडतातच. खोट असते ती पुस्तक बनवण्यात. ती ओळखायला आधी श्रेयपान उघडा. तिथं लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव, अनुवाद असेल तर मूळ भाषा आणि अनुवादक, पहिल्या आवृत्तीचं साल हे सगळं असलं पाहिजे. चित्रकाराचं नाव नसेल तर चित्रं बहुधा कुठून तरी उचलून जोडलेली असतात. मग मजकुरात गाय शिंगं रोखून अंगावर येते आणि चित्रातली गाय निवांत रवंथ करत बसलेली असते. चित्रावरून अर्थ लावू बघणारं मूल तिथं फसतं. ‘नवीन आलंय’ म्हणून पुढं केलेल्या पुस्तकाचं खरं वयही याच पानावर कळतं: पुनर्मुद्रण यंदाचं, पहिली आवृत्ती वीस वर्षांपूर्वीची. जुनं असणं हा दोष नाही, पण नव्या पुस्तकांसाठी बाजूला काढलेले पैसे नव्यावरच जावेत.

मग मधलं कुठलंही पान मोठ्यानं वाचा. डोळ्यांनी वाचताना जे खपून जातं ते जिभेवर अडतं. ‘राजू त्याच्या आईद्वारे दिल्या गेलेल्या चेंडूसह आनंदाने खेळत होता’ असं वाक्य आलं की पुस्तक खाली ठेवा. मराठीत ते ‘आईनं दिलेला चेंडू घेऊन राजू मजेत खेळत होता’ असं येतं. हिंदीवरून घाईत केलेल्या पुस्तकाची आणखी एक हमखास खूण म्हणजे ‘सशाने कासवाची मदत केली’. मराठीत सशानं कासवाला मदत केलेली असते. मुलाला यातलं व्याकरण कळत नाही, पण कानाला ओळखीचा ताल लागत नाही, आणि जुळवलेला शब्द बरोबर आला का हे ताडून बघण्याची त्याची सोयच जाते. नवशिका वाचक अक्षरं जुळवत जातो. जुळवलेला शब्द ओळखता आला की पुढं सरकतो. ओळखता येण्यासाठी वाक्य तोंडातल्या मराठीचं असावं लागतं.

हे आपल्या सातारा-सांगली भागात जास्त जाणवतं. घरी ‘कुठं निघालायस’ ऐकणाऱ्या खटावच्या नाहीतर जतच्या मुलापुढे ‘तू कोठे निघाला आहेस’ असं छापील वाक्य आलं, तर वाचता येऊनही ते त्याचं होत नाही. बोलीतली पुस्तकं अजून थोडी आहेत. निदान ‘कुठं, तिथं, आईनं, पुस्तकं’ अशी बोलती रूपं वापरणारी आधी निवडा. इथली भाषा छापण्याजोगी नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यांना सांगली जिल्ह्यातलीच नावं सांगावीत: वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, आटपाडी तालुक्यातले ग. दि. आणि व्यंकटेश माडगूळकर.

पहिली-दुसरीसाठी घेत असाल तर ‘ल’ आणि ‘श’ नीट बघा. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला, आणि शाळेत मूल हीच वळणं गिरवतं. संगणकावरचे पुष्कळ फॉन्ट मात्र हिंदी वळणाचे असतात. त्यांतल्या ‘ल’ला उभा दंड असतो, ‘श’ला गाठ असते. सातवीतल्या मुलाला काही फरक पडत नाही. पहिलीतलं मूल ‘लाल’ या दोन अक्षरी शब्दावर थबकतं, कारण त्याच्या लेखी ती दोन्ही अक्षरं अनोळखी आहेत. त्याला अक्षर येत नाही असं समजून आपण पुन्हा बाराखडीकडे वळतो, आणि दोष फॉन्टचा असतो.

अक्षराचा आकार पट्टीनं मोजा. ‘क’ शिरोरेषेपासून पायापर्यंत नव्यानं वाचणाऱ्यांसाठी पाचेक मिलिमीटर हवा, तिसरी-चौथीला साडेतीन-चार चालतो, त्यापुढे तीन. अडीचच्या खाली गेलं की वर्गातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात रफार-उकार दिसत नाहीत. गडद चित्रावर छापलेली अक्षरंही अशीच बुडतात.

ओळ कुठं तुटते तेही बघा. ‘आजी आली / डोक्यावर पाटी घेऊन’ अशी तुटली तर मूल एका दमात अर्थासह वाचतं. ‘आजी आली डोक्यावर / पाटी घेऊन’ अशी तुटली की आजी डोक्यावर आली असा अर्थ लागतो आणि वाचणारा मागं फिरतो. चांगले संपादक यावर वेळ घालवतात. एका पानावरून लगेच कळतं.

जोडाक्षरांचा बाऊ मात्र नको. ती टाळायची म्हणून ‘गगन घर बघ, कमल नमन कर’ छापाची पुस्तकं काढतात, आणि त्यात वाचण्यासारखं काहीच उरत नाही. ‘म्हैस’, ‘गोष्ट’, ‘तुझ्या’, ‘रस्ता’ हे शब्द मुलांच्या तोंडात रोज असतात. म्हशीचं चित्र समोर असेल तर ‘म्हैस’ पहिलीतही वाचला जातो. अडवतं ते अनोळखी शब्दातलं जोडाक्षर, ‘सुज्ञ’, ‘वात्सल्य’ यांसारखं. सुरुवातीच्या पुस्तकात पानाला असं एखादंच असावं.

आता मूल किती वाचतं ते कसं ठरवायचं? बोटांची चाचणी बरेच शिक्षक वापरतात: साधारण शंभर शब्दांचं पान मुलानं मोठ्यानं वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाच झाली तर ते पुस्तक आज एकट्यानं वाचायला जड. मराठीसाठी यात एक भर घालावी. दोन हात वापरा. अक्षर न जुळल्यानं अडलं तर उजव्या हाताचं बोट, अक्षरं जुळली पण शब्दच माहीत नाही तर डाव्या हाताचं. उजवा हात भरला तर मुलाला याच विषयाचं मोठ्या अक्षराचं, थोड्या मजकुराचं पुस्तक हवं. डावा भरला तर पुस्तकातलं जग लांबचं आहे. वाचता येतं, पण आधी कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. वाचताना मध्येच चूक दुरुस्त करू नका. चाचणी बिघडते, आणि मूल पुढं प्रत्येक शब्दाला तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं.

वेळेचाही हिशेब ठेवा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं आहे. त्या वेगानं ६०० शब्दांचं पुस्तक दहा मिनिटांत होतं, १५०० शब्दांचं पंचवीस. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पुस्तक निवडायला, जागेवर बसायला दहा मिनिटं जातात. म्हणजे दुसरं पुस्तक एका बैठकीत पुरं होणं अवघडच. नव्या वाचकाला पुस्तक संपवल्याचा आनंद मिळणं फार मोलाचं, म्हणून तिसरीपर्यंत ६०० च्या आतली पुस्तकं जास्त ठेवावीत.

‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेची पुस्तकं निवडायला इथं सोपी पडतात, कारण त्यांनी चार पातळ्या ठरवल्या आहेत: पहिली साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत, चौथी त्याहून मोठी. किंमत कमी, चित्रं चांगली, मराठीत भरपूर. बरीचशी अनुवादित असल्यानं मोठ्यानं वाचून बघण्याची अट त्यांनाही लावा. एकाच मालिकेत एक अनुवाद झकास आणि दुसरा खडबडीत असं होतं. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेलाही हेच लागू.

मुळातून मराठीत लिहिलेलं चित्रपुस्तक कसं असावं याचं माप हवं असेल तर ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं एकदा शेजारी ठेवा, ‘राधाचं घर’, ‘यश’, ‘चित्रवाचन’. ती नवीन नाहीत. पण घरातली भांडी, दोरीवरचे कपडे, माणसांचं बसणं-उठणं सगळं मराठी घरातलं, आणि मजकूर जे सांगत नाही ते चित्र सांगतं. ही पुस्तकं पंधरा मिनिटं चाळून मग नव्या पुस्तकांचा गठ्ठा बघायला बसलं की डावं-उजवं आपोआप दिसायला लागतं.

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी निवडणं सगळ्यात कठीण, आणि याच वयाची पुस्तकं कपाटात सगळ्यात कमी असतात. या मुलांना चित्रपुस्तक पोरकट वाटतं आणि मोठ्यांची कादंबरी पेलत नाही. नवीन काय आलंय ते कळण्याचा एक भरवशाचा धागा म्हणजे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. मराठीसाठी २०२२ मध्ये संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला, २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांच्या ‘छंद देई आनंद’ला, २०२४ मध्ये भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला आणि २०२५ मध्ये सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ला तो मिळाला. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या कादंबऱ्या, बाकीचे दोन कवितासंग्रह. पुरस्कार मिळेपर्यंत पुस्तकाला दोन-चार वर्षं झालेली असतात, त्यामुळे यादीतलं पुस्तक संपलेलं असू शकतं. प्रकाशकाला आधी फोन करा. आणि पुरस्कार म्हणजे तुमच्या मुलांना आवडेलच असंही नाही. एक प्रत घ्या, एक प्रकरण वर्गात वाचून दाखवा, मुलांनी पुढं काय झालं विचारलं तर आणखी दोन मागवा.

कवितांचे संग्रह मुद्दाम घ्या, आणि ते सातवी-आठवीतल्या हळू वाचणाऱ्यांच्या हातात द्या. सातवीत असून तिसरीएवढं वाचणारी मुलं प्रत्येक शाळेत आहेत. त्यांना थोडा मजकूर हवा असतो, पण लहान मुलांचं पुस्तक हातात दिसलेलं नको असतं. बारा ओळींची कविता हे दोन्ही साधते. पक्षी, साप, यंत्रं, आकाश या विषयांवरची माहितीपर पुस्तकंही या मुलांना चालतात, कारण ती कुठूनही उघडता येतात आणि चित्राखालच्या दोन ओळी वाचल्या तरी काहीतरी हाती लागतं. अरविंद गुप्ता यांची विज्ञान-खेळण्यांची मराठी पुस्तकं याच कारणासाठी जवळ असावीत; काड्यापेटी, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब एवढ्यावर काम होतं आणि कृती जमण्यासाठी मजकूर वाचावाच लागतो. मुखपृष्ठावर ‘वय ५ ते ७’ असं छापलेलं असेल तर त्यावर नोंदवहीतल्या दाखलनंबराची चिठ्ठी चिकटवा. बारा वर्षांचा मुलगा ती ओळ बघूनच पुस्तक परत ठेवतो.

मासिकांना पैसे ठेवा. लहानांसाठी ‘चिकूपिकू’, मोठ्यांसाठी ‘वयम्’, आणि बालभारतीचा ‘किशोर’. दिवाळीत ‘साधना’चा बालकुमार अंक येतो, तो एकटा दहा-बारा वर्षांच्या मुलांना आठवडाभर पुरतो. ‘किशोर’ १९७१ पासून निघतो आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. हवी ती गोष्ट छापून वर्गात लावता येते.

फुकट छापण्याजोगा दुसरा मोठा साठा म्हणजे प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत: उतरवा, छापा, भाषांतर करा, अगदी बोलीत बदलून लिहा, फक्त लेखक-चित्रकारांची नावं आणि परवान्याची ओळ असलेलं शेवटचं पान ठेवा. साखर कारखाने सुरू झाले की बीड-नगरकडून ऊसतोड कामगारांची मुलं आपल्या शाळांत येतात आणि गाळप संपलं की जातात. त्यांना कपाटातलं पुस्तक द्यायला शाळा कचरते, परत येईल का ही धास्ती असते. छापील घडीची पुस्तिका देऊन टाकता येते. काळी-पांढरी छापताना एक अडचण येते: गडद चित्रं काळी ठिक्कर पडतात. रेषांची, मोकळ्या पार्श्वभूमीची गोष्ट निवडावी. ए-४ कागदावर एका बाजूला दोन पानं, दोन्ही बाजूंनी छपाई, मधोमध घडी. पानांची संख्या चारच्या पटीत येत नसेल तर शेवटची पानं कोरी सोडा. मुलं त्यावर चित्रं काढतात.

विकत घेण्याआधी बघायला जागा हवी असेल तर साताऱ्याच्या लोकांना भिलार आहे. पाचगणी-महाबळेश्वर भागातलं हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ ला सुरू झालं, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत आणि बालसाहित्यालाही जागा आहे. बसून वाचायला पैसे लागत नाहीत. पाच-सहा मुलांना सोबत न्या आणि ती कुठलं पुस्तक दुसऱ्यांदा उघडतात ते टिपून ठेवा. साताऱ्याच्या ग्रंथमहोत्सवात मग ती यादी खिशात ठेवूनच जा, नाहीतर तिथंही संचच गळ्यात पडतो.

मासिकांचे पैसे वेगळे धरले तर पाच हजारांची वाटणी साधारण अशी बसते. पहिली ते तिसरीच्या पातळ पुस्तकांना २४०० रुपये. सरासरी साठ रुपये धरले तर चाळीस प्रती, आणि त्यात तीसच वेगवेगळी पुस्तकं घ्या, दहा आवडती दोनदोन. दोन मुलांनी एकच पुस्तक शेजारी बसून वाचणं या वयात फार कामाचं असतं. चौथी-पाचवीला १५००, त्यात बारा-पंधरा. वरच्या मुलांना ९००, कादंबऱ्या आणि कविता मिळून पाच-सहा. उरलेले २०० सुई, दोरा, ब्राऊन पेपर आणि फेव्हिकॉलला. सगळे पैसे एका दिवशी संपवू नका. जूनमध्ये निम्मे, आणि दिवाळीनंतर बाकीचे, तोवर नोंदवहीत कुठलं पुस्तक किती वेळा गेलं ते दिसलेलं असतं.

बांधणी हातानं तपासा. पुस्तक मधोमध पूर्ण उघडून सपाट दाबा. गोंदानं चिकटवलेली पाठ कडकन वाजली तर ते पुस्तक सहा महिन्यांत पानं सोडणार. दोऱ्यानं शिवलेलं सगळ्यात टिकाऊ, पण महाग. पिना मारलेली पातळ पुस्तकं बरी असतात, फक्त पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसात पिना गंजतात, गंज कागद खातो आणि मधलं पान आधी निसटतं.

त्या भागात पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. पावसाळ्यात प्लॅस्टिकची कव्हरं काढून ब्राऊन पेपर घाला. प्लॅस्टिकखाली ओल अडकते आणि आतून बुरशी धरते. बुरशी आली तर पुस्तक सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवा आणि मगच कोरड्या मऊ ब्रशनं बाहेर जाऊन झटका. ओलं असताना पुसलं की ती कागदात मुरते. खळीनं चिकटवलेल्या पुठ्ठ्याला कसर लागते, म्हणून दुरुस्तीला खळ वापरू नका. सेलोटेपही नको, दोन वर्षांत तो पिवळा पडून निघतो आणि अक्षरं घेऊन निघतो.

कृष्णाकाठच्या गावांनी खालचे दोन कप्पे पावसाळ्यात रिकामे ठेवावेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४० फूट आहे. ती गाठली की धोका पातळीची, ४५ फुटांची, वाट न बघता मुलांची पुस्तकं वरच्या मजल्यावर न्या, तीच आधी. चित्रपुस्तकं गुळगुळीत आर्ट पेपरवर असतात. तो कागद भिजून तसाच वाळला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात, साध्या कागदाची तशी चिकटत नाहीत. भिजलीच तर ओली असतानाच पान न् पान सुटं करा, मध्ये कोरे कागद घाला, ते दर दोन-तीन तासांनी बदला, आणि पुस्तक उभं करून पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकतो.

गंजलेल्या पिनांची दुरुस्ती मुलांकडून करून घेता येते. बोथट सुरीनं पिनांची टोकं उभी करून पिना ओढून काढा. घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन वर-खाली टोकापासून दीड-दोन इंचांवर. गोधडीचा जाड दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, बाहेरून वरच्या भोकात घाला, आतल्या बाजूनं मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर काढा आणि परत मधल्या भोकातून आत आणा. आता दोन्ही टोकं आत आली. मधल्या लांब टाक्याच्या एकेका बाजूला एकेक टोक ठेवून, त्या टाक्यावर घट्ट गाठ मारा आणि टोकं अर्धा इंच ठेवून कापा. दोन्ही टोकं एकाच बाजूला राहिली तर टाका सैल पडतो आणि महिन्याभरात पानं पुन्हा हलायला लागतात.